बरोबरच्या बटणाला जोडलेल्या दोन तारा

दादा,

मागच्या आठवड्यात मी एक कॅल्क्युलेटर उघडला. तुम्ही होता तोवर तुमच्या या लेकीनं कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही, आणि आता मी पन्नाशी उलटल्यावर, चष्मा कपाळावर चढवून, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसले. कारण विचाराल तर हसाल. मी लातूरला ज्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवते तिथं दीड तासाच्या लेक्चरला दार किती वेळा वाजतं यावरून आमची आणि वॉचमनची पैज लागली. तो म्हणतो दहा-बारा वेळा, मी म्हणते पन्नासच्या खाली नाही. भांडण मिटवायला मोजणं आलं, आणि मोजणं म्हटलं की मला तुम्ही आठवता. दाराच्या चौकटीला दोन पत्र्याच्या पट्ट्या लावायच्या, त्यांच्या तारा कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या बटणाखाली डकवायच्या, दार मिटलं की पट्ट्या टेकतील आणि आकडा एकानं पुढं सरकेल. तुम्ही हे सतरा वेळा केलेलं मी पाहिलंय. केलेलं पाहणं आणि स्वतः करणं यात किती अंतर असतं ते मला त्या दिवशी कळलं. आणि आणखी एक गोष्ट कळली, ती तुम्हाला विचारायची आहे म्हणून लिहायला बसले.

सुरुवात अहमदपूरला, शेजारच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून झाली होती. दुकानाचे मालक चाचा दिवसभर हँडल फिरवत तांब्याची तार गुंडाळायचे. वेढे मोजावे लागत, एक जरी कमीजास्त झाला तर मोटार तापते म्हणायचे. आणि दुकान बाजाराच्या तोंडावर! येणारा-जाणारा प्रत्येक माणूस सलाम-नमस्कार करून जायचा. एकदा ते वैतागून तुमच्याकडं आले. "सर, कोई सलाम करे तो गिनती गई. जवाब नई दिया तो लोगां बोलते, इसकू घमंड आ गया." तुम्ही तेव्हा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला मोडका कॅल्क्युलेटर घरी आणला होता, त्याची अर्धी बटणं मेली होती. तुम्ही म्हणालात, आपल्याला अर्धीच लागतात. शून्य, अधिक, एक, आणि मग फक्त बरोबर, बरोबर, बरोबर. दर वेळी दाबलं की तो मागचाच एक पुन्हा मिळवतो. मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटलं ही कंपनीची चूक असेल. तुम्ही म्हणालात, "चूक कशाची? त्याला शेवटचं काम ध्यानात राहतंय, इतकंच. आपण त्याच्या त्या सवयीचा फायदा घेऊन राहिलो." हँडलच्या दांड्यावर एक खिळा, खाली तांब्याची पट्टी, फेरा झाला की टेकली, आकडा सरकला. हँडल जोरात फिरवलं की मात्र मशीन मागं पडायचं, मग चाचांना दमानं फिरवायची सवय लागली. त्यानंतर ते दिवसभर तोंड भरून गप्पा मारायला लागले आणि चाची तुम्हाला बोल लावू लागल्या, की आधी निदान वेढे मोजताना तरी हे गप्प असायचे.

मग भूकंप झाला. मी तेव्हा मुखेडला सासरी होते, नववा लागायला आठ-दहा दिवस उरलेले. किल्लारीकडच्या बातम्या ऐकून सासूबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि नेमकी त्याच आठवड्यात आई मला न्यायला आली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे! सासरे हात जोडून म्हणाले, "ताई, लोक तिकडून इकडं पळून राहिले, आन् तुम्ही पोरीला इकडून तिकडं नेऊन राहिल्या?" आई म्हणाली, "धरणी हालली म्हणून रीत हालती व्हय?" आणि मला एसटीत बसवून घेऊन आली. हसू येतं मला आता. जी बाई मला भूकंपाच्या दिशेनं घेऊन आली, तिनंच घरी पोचल्यावर मला उंबरा ओलांडू दिला नाही. सगळी गल्लीच बाहेर झोपत होती. शाळेच्या मैदानाच्या कडेला पत्रे, ताडपत्र्या, जुन्या सतरंज्या लावून जो तो राहत होता. आपला आणि चाचांचा पत्रा एकाच बांबूवर होता. दुपारी त्या पत्र्याखाली भाजून निघायचं. आडोसा नाही, कूस बदलायला जागा नाही, पोटातलं लाथा मारतंय आणि समोरून कुणी ना कुणी विचारतंय, "मग, कितवा?" मला फक्त चार भिंती आणि एक बंद दार हवं होतं. इतकं काही मी आयुष्यात कधी मागितलं नसेल.

आईला समजावण्यात तुमचा काही पाड लागला नाही. "घर हालत न्हाई म्हणून कोण सांगतंय? तुम्ही?" असं ती म्हणाली, आणि मला वाटतं तिथंच तुमच्या डोक्यात आलं. हाव, मी सांगतो, म्हणालात. गवंड्याकडून ओळंबा आणला, मागच्या खोलीत तुळईला टांगला, त्याच्या टोकाभोवती पितळी कडं बसवलं, कड्याला आणि ओळंब्याला एकेक तार. जमीन हलली की ओळंबा कड्याला टेकणार, टेकला की बरोबरचं बटण दाबल्यासारखं होणार. या कामासाठी तुम्ही तुमचा स्वतःचा, सरकत्या बटणाचा जुना कॅल्क्युलेटर काढला. नवे सगळे थोडा वेळ कुणी हात लावला नाही की आपोआप विझतात आणि मोजलेलं विसरतात, हा विझत नव्हता. त्याला तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. सकाळी सातला तुम्ही एकटे आत जायचा, आकडा बघायचा, यंत्र पुन्हा लावून यायचा आणि पत्र्याच्या बांबूला टांगलेल्या फळ्यावर खडूनं आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी एक्केचाळीस. आई घाबरली. तुम्ही म्हणालात, अगं हे धक्के न्हाईत, एका धक्क्याला तो चार वेळा टेकतो, एसटी गेली तरी टेकतो, आकड्याकडं बघू नको, कालच्यापेक्षा कमी हाय का तेवढं बघ. दुसऱ्या दिवशी साठाच्या वर गेला, तर तुम्ही दिवसभर घराभोवती फिरून शेवटी शोधून काढलंत, की चाचांची शेळी मागच्या भिंतीला अंग घासते. शेळी तिकडून हलवली. मग सव्वीस, मग बारा, मग नऊ.

गल्लीतली माणसं तुमच्या फळ्याकडं डॉक्टरच्या तोंडाकडं बघावं तशी बघायला लागली. "सर, आज किती?" हे विचारल्याशिवाय कुणी चहा पीत नव्हतं. तुम्ही कुणालाही आत जा म्हणाला नाहीत, पण आईनं तिच्या बाजूनं जाहीर करून टाकलं, "फळ्यावर शून्य येऊ द्या, मग पोरीला आत नेते. त्याच्या आधी न्हाई." आणि आईनं ठरवलं म्हटल्यावर गल्लीनंही तेच ठरवलं. सात आला. पाच आला. मग दोन दिवस पाचच. मी फळ्याचा राग राग करायला लागले होते, दादा.

त्या दिवशी सकाळी मी न्हाणीत जायला म्हणून आत गेले. तेवढ्यापुरतं जायला परवानगी होती, आई बाहेरून ओरडायची, "लवकर ये गं, बसून राहू नको." येताना मागच्या खोलीत डोकावले. कॅल्क्युलेटरवर तीन होते. तीन! मला रडू फुटलं. म्हणजे उद्या दोन, परवा पुन्हा पाच, आणि मी त्या पत्र्याखालीच बाळंत होणार, अख्ख्या मैदानासमोर. मी हात पुढं केला आणि लाल बटण दाबलं. तीनचं शून्य झालं. इतकं सोपं होतं ते. मी पदर सावरून बाहेर आले आणि आईला म्हटलं, झालं.

तुम्ही सातला आत गेलात. मी दारातून बघत होते. तुम्ही वाकलात, चष्मा पुसलात, पुन्हा वाकलात. रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग तिथूनच विचारलंत, "आत कोण आलतं?" मी म्हटलं, "मीच, न्हाणीत." तुम्ही बरं म्हणालात. यंत्र पुन्हा लावलंत, बाहेर आलात, खडू घेतलात आणि फळ्यावर शून्य काढलंत. चांगलं मोठं. चाची धावत आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून बोटं मोडली. आई तर रडलीच. तासाभरात गाद्या, भांडी, पिठाचे डबे, सगळं आत. आपलं घर, चाचांचं घर, पलीकडची तीन घरं. मी कॉटवर पाय पसरून पडले आणि दार लावून घेतलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू! खोटं का सांगू, त्या दिवशी मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. एवढंच ध्यानात राहिलं, की तुम्ही तुमची बाज तेवढी आत आणली नाहीत. "आत उकडतंय," म्हणालात, आणि ती दाराबाहेर टाकलीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलो होतो. आई वाढत होती. आधी फडताळातले कप वाजायला लागले, मग सगळंच. आई ओरडत बाहेर पळाली, अंगणात पोचली, आणि मग तिच्या लक्षात आलं की मी मागं आहे. मला जमिनीवरून उठताच येत नव्हतं. ती परत आत आली. तिनं माझ्या काखेत हात घातले तेव्हा वरच्या फळीवरची पितळी घागर सुटली आणि तिच्या मनगटावर पडली. धक्का तेवढ्यात थांबलाही होता. घर उभं होतं, भिंतीला एक भेग, बाकी काही नाही. पलीकडं कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त आईचा हात मोडला. ज्या हातांनी माझं बाळंतपण करायचं म्हणून ती मुखेडहून मला ओढत घेऊन आली, त्यातला उजवा हात दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. पोरीला पहिली अंघोळ चाचींनी घातली, शेकशेगडी त्यांनीच केली, आणि आई शेजारी बसून एका हातानं नुसतं सांगत राहिली, "तेल जास्त घ्या, मान धरा."

पण त्या धक्क्याच्या दिवशीची संध्याकाळ मला जास्त आठवते. सगळे पुन्हा मैदानात आलेले, पाचही घरं. कुणीतरी फळ्यापुढं उभं राहून म्हणालं, "सर, तुमचं मशीन तर शून्य सांगून राहिलं होतं." कुणीतरी म्हणालं, "मास्तरच्या खेळण्याच्या नादानं आमची लेकरं मेली असती." तुम्ही उभे होता. मी सतरंजीवर बसले होते, आईचं डोकं माझ्या मांडीवर. मला तोंड उघडायचं होतं. मी मनात वाक्य जुळवत होते, शपथेवर सांगते, जुळवत होते. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "माझी चूक हाय. मशीन लावताना माझ्या हातून राहिलं. यापुढं माझ्या आकड्यावर कुणी जाऊ नका." चाचा मधे पडले, "मशीन की गलती होएंगी, सर की नई." तुम्ही त्यांनाही गप्प केलंत. फळा ओल्या फडक्यानं पुसलात आणि शाळेत नेऊन ठेवलात. मी जुळवलेलं वाक्य तसंच गिळलं. नंतर किती तरी वर्षं बाजारात कुणी ना कुणी तुम्हाला हटकायचं, "काय सर, आज शून्य का?" तुम्ही हसायचा. मला ते हसणं सहन व्हायचं नाही, मी दुसऱ्या दुकानात शिरायची.

आणि मग लातूरच्या क्लासेसचे दिवस आले. घरोघरी खोल्या भाड्यानं लागल्या, नांदेडपासून देगलूरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन उतरायला लागली. एका क्लासचे मालक जीप घेऊन आपल्या दारात आले, तुम्हीच पाहिजेत म्हणून. निवृत्तीला तुम्हाला दोनच महिने उरले होते. आई खूश, मीही खूश. आणि तुम्ही म्हणालात, "ज्याच्या मोजण्यात एकदा चुकलं, त्यानं दुसऱ्याच्या लेकरांच्या वर्षाशी खेळू नये. माझी पोरगी एम्मेस्सी हाय. तिला विचारा." मी स्वयंपाकघरात उभी होते, हातात चहाचा ट्रे. आजवर मी त्याच खुर्चीत बसून खाते आहे, दादा. मुखेड सोडून आम्ही लातूरला आलो, पोरगी इथं शिकली, घर इथं झालं. त्या वेळी मी मनाची समजूत घातली, की तुम्हाला जायचंच नसेल, निमित्त सांगितलं असेल. तशी समजूत घालणं सोयीचं होतं.

आता कॅल्क्युलेटरचं. मी उघडलेला तुमचाच आहे, सरकत्या बटणाचा. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली तरी आईनं तो टाकला नव्हता. तारा डकवल्या, चाचांच्या दुकानासारखं शून्य अधिक एक केलं, दार लावलं. एकदा एक आला आणि मग गाडी एकावरच अडली. दार आपटून आपटून हात दुखले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, पैज मी जिंकलो म्हणायचं का?" शेवटी मी बसून एकेक बटण निरनिराळ्या क्रमानं दाबत गेले. आणि या जातीच्या यंत्राची खोड सापडली. याला एक म्हणून अधिक दोनदा दाबावं लागतं, मग शून्य. तसं केलं की काचेच्या कोपऱ्यात मुंगीएवढं एक इंग्रजी अक्षर उगवतं, के. ते आहे तोवर यंत्र मोजतं. लाल बटण दाबलं की शून्य तर येतं, पण ते अक्षर जातं. म्हणजे शून्य दोन प्रकारचं असतं. एक, काही घडलं नाही म्हणून. दुसरं, कुणीतरी पुसलं म्हणून. दोन्ही नुसती बघितली तर सारखीच, कोपरा सोडून.

मी कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडं बघत बसले. तुम्ही त्या सकाळी चष्मा पुसून दुसऱ्यांदा वाकला होता. आत कोण आलतं, असं विचारलं होतं. आणि लगेच यंत्र पुन्हा लावलंत, म्हणजे नसलेलं अक्षर तुमच्या डोळ्यांदेखत उगवलं असणार. मग तुम्हाला कळलं होतं का? कळूनही तुम्ही शून्य लिहिलंत का, पोरगी पत्र्याखाली रडते म्हणून? आणि बाज दाराबाहेर टाकलीत ती उकाड्यानं, की राखणीला? की खरंच तुम्हाला वाटलं, आदल्या दिवशी आपल्याच हातून यंत्र लावायचं राहिलं, आणि हा माझा हलगर्जीपणा असं धरून तुम्ही पुढची सगळी वर्षं काढलीत, क्लास नाकारलात, बाजारात हसत राहिलात? आयुष्यभर मी तुम्हाला किती प्रश्न विचारले. पट्टी भरकन दोनदा टेकली तर आकडा दोननं का सरकत नाही, ओळंबा जड का लागतो, शेळी का घासते. हा एक सोडून सगळे विचारले.

तुम्हाला कळलं होतं असं निघालं, तर तुम्ही जाणूनबुजून खोटा आकडा लिहिलात, पाच घरांसाठी लिहिलात. नसेल कळलं, तर मी तुम्हाला न केलेल्या चुकीखाली मरू दिलं. दोन्हींतलं काय खरं असावं असं मला वाटतं, हे कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटेल. तुम्हाला कळलेलंच असावं, असं वाटतं. म्हणजे मी एकटी नसेन.

हे कुठं पाठवायचं नाही, कुणाला वाचूनही दाखवायचं नाही. घरात वाचणारी एकच आहे, आई, आणि तिला तर नाहीच. ती माझ्याकडंच असते आता. थंडीत तिचं मनगट दुखतं, मी रात्रीच्या जेवणानंतर तेल लावून देते. काल तेल लावताना पुन्हा म्हणाली, "माणूस लई हुशार होता गं तुझा बाप. जन्मात एकदाच चुकला." मी हं म्हटलं.